चंद्राचा वरवंटा

मालवणात मी ज्या खोलीत भाड्याने राहत होतो, तिच्यातून चंद्र जात असे. म्हणजे चंद्राची दोरी. माजघराच्या भिंतीला पाडलेल्या भोकातून ती आत येई, माझ्या खाटेच्या वरून दोन कप्प्यांवर चढून खिडकीशी जाई आणि तिथे खाली उतरे. तिच्या टोकाला वजन म्हणून पाट्याचा वरवंटा बांधलेला होता. खोली बघायला गेलो तेव्हा मी घरमालकांना विचारलं, "हे काय आहे?" ते म्हणाले, "समुद्र." मी घाटावरचा माणूस असलो तरी समुद्र पाहिला होता, आणि तो असा दिसत नव्हता. पण गावात दुसरी खोली मिळत नव्हती, आणि मागच्या दारी तिरफळं घातलेले बांगडे शिजत होते. मी सामान आणलं.

पन्नासचं दशक संपून साठचं लागायच्या बेताचे ते दिवस. मी तार ऑफिसात नोकरीला होतो. घरमालकांना मी काका म्हणे, त्यांच्या बायकोला काकी. घरात तिसरी त्यांची मुलगी शालन. चौथा मी, आणि पाचवं ते यंत्र. माणसांपैकी कोणापेक्षाही त्याने जास्त जागा अडवली होती.

वरवंटा ही त्या घरातली कायमची तक्रार. यंत्राची दोरी ताणून धरायला नेमका तेवढाच भार हवा, असं काकांचं म्हणणं. आणि नारळ वाटायला रोज सकाळी तोच वरवंटा हवा, हे काकींचं. त्यामुळे मालवणच्या समुद्राला रोज सकाळी स्वयंपाकापुरती सुट्टी मिळे. काकी माझ्या खोलीत येत, गाठ सोडत आणि वरवंटा काखेत मारून निघून जात. दोरी ढिली पडली की माजघरातून ओरड येई.

"चंद्र कोणी न्हेलो?"

"तिकल्याक न्हेलंय! वाटून झालां की हाडून देतंय!"

तिकलं म्हणजे माशांचं तिखट कालवण, तेव्हा परत येताना वरवंट्याला हळद-मिरचीची बोटं लागलेली असत. माझ्या चादरीवर आठ दिवसांत जो रंग चढला, तो मी मालवण सोडेपर्यंत उतरला नाही.

आता हे यंत्र कशाचं, ते सांगायला हवं. काकांनी उभी नोकरी उत्तरेकडे, डोंगराच्या कुशीतल्या एका सरकारी कचेरीत केली. समुद्र तिथून इतका लांब की कचेरीतल्या निम्म्या लोकांनी तो जन्मात पाहिला नव्हता. आणि तिथेच भरती-ओहोटीचं यंत्र होतं. विलायतेहून आणलेलं, सगळं पितळेचं, कपाटाएवढं. भरती म्हणजे चंद्र-सूर्याच्या ओढींची बेरीज. त्या ओढी कितीतरी तऱ्हेच्या: एक दिवसातून दोनदा येणारी, एक दिवसातून एकदाच येणारी, एक महिन्याने जोर धरणारी. विलायतेतल्या कोणा डोकेबाज साहेबाने प्रत्येक ओढीला एक चाक दिलं. चाक फिरलं की त्याच्यावरची कप्पी वर-खाली होई. सगळ्या कप्प्यांवरून एकच दोरी फिरवलेली. म्हणजे सगळ्यांचं ऐकून ती दोरी टोकाला जेवढी हलेल, तेवढी त्या वेळची भरती. टोकाला लेखणी, लेखणीखाली सरकणारा कागद. हँडल फिरवत राहायचं, आणि पुढल्या वर्षाचा समुद्र कागदावर उमटत जायचा. देशातल्या बंदरांची भरतीची पुस्तकं त्या डोंगरातून निघत.

काकांचा तिथला हुद्दा 'कॉम्प्युटर' असा होता. हल्ली तो शब्द ऐकला की लोक खोक्याकडे बघतात. तेव्हा हिशेब करणाऱ्या माणसालाच तसं म्हणत. पेन्शन घेऊन काका मालवणला आले, त्यांनी दारावर हुद्द्यासकट पाटी लावली, आणि गावाने ती आपल्या समजुतीप्रमाणे 'कंपाउंडर' अशी वाचली. पहिली दोन वर्षं लोक खोकल्याची बाटली घेऊन येत. काकांनी कोणाला परत पाठवलं नाही. त्यांना बसवून ते भरतीची माहिती देत. पुष्कळांचा खोकला दारातच थांबला.

डोक्यात ते यंत्र होतंच. पितळ कुठून आणणार? चाकं त्यांनी सावंतवाडीच्या खेळणीवाल्याकडून लाकडाची करून घेतली. त्या भल्या माणसाने सवयीने ती लाखेने रंगवून दिली. तांबडी, पिवळी, हिरवी, वर वेलबुट्टी. दाते जुन्या घड्याळांतून काढले, कप्प्या मोडक्या शिलाईयंत्रातून. कागदाचं रीळ रॉकेलच्या डब्यावर गुंडाळलेलं. दोरी मात्र दगा देई. पावसाळ्याच्या दमट हवेत ती आखडायची, आणि काकांच्या हिशेबाने मालवण बंदर कोरडं पडायचं. शेवटी ते कोळीवाड्यात गेले, आणि झाडाची साल उकळून ज्या काढ्यात जाळी बुडवतात, त्या काढ्यात दोरी बुडवून आले. तेव्हापासून माझ्या खोलीला जाळ्यांचाही वास लागला. भाडं मी तेवढंच देत होतो.

चाकांना त्यांनी नावं दिली होती. सगळ्यांत मोठं चाक चंद्राचं, त्याला 'आई'. सूर्याचं 'बाबा', त्याचा जोर आईच्या निम्म्याहून कमी. दोघांचं एकमत झालं की उधाण, दोघं भांडली की भांगाची भरती, म्हणजे मरतुकडी. महिन्यातून एकदा चंद्र जवळ येतो त्याचं चाक 'माहेरवाशीण'. आणि दिवसातून एकदाच फिरणारं एक चाक होतं, त्याच्यामुळे दिवसाच्या दोन भरत्या सारख्या भरत नाहीत. एक मोठी, एक धाकटी. त्याचं नाव 'मेव्हणा'.

"दिवसातून एकदाच उठता," काका म्हणत, "पण अख्ख्या घराचो मेळ बिघडवता."

"माज्या भावाक नावां ठेवू नकात," काकी आतून म्हणत.

त्यांचा भाऊ जवळच्या कट्टा गावात दुकान चालवत असे आणि खरोखरच दुपारी उठत असे. पण ते असो.

काकींना या सगळ्याचं कौतुक नव्हतं, आणि त्याला कारण होतं. किनाऱ्यावरच्या पोरासोरांना माहीत असलेला हिशेब त्यांना येत होता: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. आठ पाऊणे सहा. अष्टमीला सहाच्या सुमाराला पाणी भरणार. काका हँडल फिरवून, चष्मा पुसून, कागद उजेडाला धरून जे सांगत, ते काकींनी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवून आधीच सांगितलेलं असे.

"येवढी चाकां कशाक व्हयी? माजी बोटां आसत मा."

"बोटां येळ सांगतत," काका म्हणत. "पाणी किती येतला तां सांगतत काय?"

"येतला तेवढा येतला."

खाडीतून होड्या शेकडो वर्षं जात-येत होत्या, आणि येईल तेवढ्या पाण्यात त्या चालत होत्या.

माझ्या नोकरीबद्दल काकांचं मत वाईट होतं. तारेत टिंब असतं किंवा रेघ असते, तिसरं काही नसतं. हे त्यांना माणुसकीला सोडून वाटे. "टिंब नायतर रेघ! मधलां काय नायच?" असं ते मला चहाच्या वेळी विचारत, जणू ती व्यवस्था मीच केली होती. पेपरात विजेच्या मेंदूविषयी छापून येऊ लागलं होतं. आकडे धडाधड मोजणारी यंत्रं आली, आता जुन्या यंत्रांचे दिवस भरले, वगैरे. काका ते वाचून पेपर माझ्या अंगावर टाकत.

"वाणी त्याल देताना थेंब मोजता काय मापान देता?"

"मापाने देतो."

"मगे? हे थेंब मोजणारे. माजां यंत्र मोजणा नाय. समुद्र करता तांच तां बारीक करून करता." आणि मग त्यांची ठरलेली गोष्ट येई: महायुद्धात परक्या किनाऱ्यावर फौज कधी उतरवायची, ते असल्याच एका दोरीच्या यंत्राने काढून दिलं. "थय फौज उतरवली ह्या दोरयेन!" असं म्हणून ते माझ्या खाटेवरच्या दोरीकडे बोट दाखवत. ती दोरी फौजेच्या उपयोगाची वाटत नसे. काकी तिच्यावर कधीमधी माझा टॉवेल वाळत घालत.

आकड्यांचा त्यांना तिटकारा होता, आणि 'हो' आणि 'नाही' यांचा त्याहून. वय विचारलं की ते दोन हातांमध्ये अंतर दाखवत. कट्टा किती लांब, तर "एक विडी आणि वायच." मासळीबाजारात जाताना त्यांच्या पंच्याला हिशेबाची सरकपट्टी, म्हणजे स्लाइड रूल, खोचलेली असे. ती सुरमईला लावून ते तिचा घेर काढत. कोळीण म्हणे, "घेतास काय तिका झंपर शिवतास?" कमरेला खोचलेली ती पट्टी ते गणितापेक्षा पाठ खाजवायलाच जास्त वापरत, हे मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

घरात तर विचारायलाच नको. "जेवतास काय?" यावर उत्तर, "भूक चढती आसा." "मीठ बरां आसा?" यावर ते हात तिरपा करून दाखवत. काकी कपाळावर हात मारून म्हणत, "अवो, हां म्हणा नायतर नाय म्हणा! एक कायतरी म्हणा!"

"हां आणि नायच्या मधीच सगळो समुद्र आसा," काका म्हणत.

ऐकायला बरं वाटतं. अशा माणसाबरोबर तीस वर्षं संसार करून बघावा.

काकींना आयुष्यात दोनच गोष्टी हव्या होत्या: शालनचं लग्न आणि वरवंटा. दोन्ही एकाच यंत्राने अडवून धरल्या होत्या. मुलगी बघायला कोणी आलं की काका पोह्यांच्या आधी मुलाला हँडल फिरवायला लावत. वैभववाडीकडचा एक चांगला नोकरदार मुलगा आला होता. त्याने बिचाऱ्याने उलटं फिरवलं. काका सगळ्यांदेखत म्हणाले, "ह्येनी समुद्र मागे न्हेलो," आणि उठून आत गेले. तिथून बातमी पसरली की मुलगी बरी आहे, पण बाप पिसा आहे. स्थळं यायची थांबली. शालनची पंचविशी उलटली. तेव्हाच्या मानाने ते फार होतं. यंत्राचं हँडल मात्र तिच्याइतकं एका लयीत काकांनाही फिरवता येत नव्हतं. एकदा मी तिला विचारलं, "तुला कंटाळा नाही येत?" ती म्हणाली, "हात फिरवताना डोक्यात काय येणा नाय. बरां वाटता." मला तिचं वाईट वाटलं, आणि काकांचा रागही आला.

मग खाडीपलीकडून एक शाळामास्तर आला. एका जुन्या तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या म्होरक्याच्या, घरातला, बाप वारलेला, सोबत आई. मास्तरने हँडल सुलटं फिरवलं. वर विचारलं, "दोरी झिजली तर चूक वाढत जाते का?" काका त्याच्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं आता तेच त्याला हार घालतील. शालन दाराआडून हसली. ते मी पाहिलं आणि काकींनीही पाहिलं.

मास्तरची आई यंत्राकडे पाठ करून बसली होती. देहाने लहान, आवाजाने मोठी बाई. चहा संपवून तिने कप खाली ठेवला आणि अट घातली. "चेडू आमका पसंत आसा. पण लग्नाच्या दिवशी तां लाकडी भूत हय दिसता नये. आणि लग्नाच्या कामात तेचां नाव कोणी काढूचां नाय. लोक माका इचारूक लागले आसत, पिशाच्या घरातली सून करतस काय म्हणान. कबूल आसा?"

काकांनी हात तिरपा करायला उचलला. काकींनी तो वरच्यावर धरला आणि म्हणाल्या, "कबूल."

लग्न वैशाखात, अष्टमीला, गोरज मुहूर्तावर ठरलं. मुलीच्या दारी. नवरदेवाकडच्यांचा रिवाज असा की त्यांचा नवरा होडीनेच येतो. कट्ट्यावरून एस्टीने वळसा घालून येता आलं असतं, पण तांडेलाच्या घरचा नवरा एस्टीतून उतरला असता तर पूर्वजांनी तोंड फिरवलं असतं. तिथी अष्टमी, आठ पाऊणे सहा. ऐन भरतीला होडी ओलांडायची, आणि सूर्य मावळताना अक्षता. भटजी खूश, काकी खूश.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात काकांनी यंत्र उतरवायला घेतलं. त्याआधी, शेवटचं म्हणून, त्यांनी शालनला हँडल फिरवायला बसवलं आणि लग्नाच्या दिवसापर्यंतचा समुद्र काढला. मग मला आणि काकींना हाक मारली. कागदावर मोठ्या लाटा लहान होत गेल्या होत्या, आणि अष्टमीच्या संध्याकाळी लेखणी जेमतेम उचललेली दिसत होती.

"आई-बाबांचां भांडाण," काका रेघेवर नख ठेवून म्हणाले. "माहेरवाशीण लांब गेलेली. आणि तेच येळाक मेव्हण्यान खाली ओढल्यान. तिघां एका दिवशी! सहा वाजता पाणी भरतला, पण कमरेइतक्याय येवचां नाय. भरलेली होडी वाळयेर बसतली."

काकींनी कागदाकडे पाहिलं नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "ह्यां तुमी कोणाक सांगलास," त्या हळू म्हणाल्या, "तर माजां मडां बघशात."

"नाय सांगलंय तर नवरो चिखलात बसतलो."

"बसां दी! चिखल धुवान जाता. सोयरीक मोडली तर ती धुवान येणा नाय."

मी आपलं सुचवलं की तार करूया. काकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही. तार पलीकडे पोचेपर्यंत नवराबायको माहेरपणाला आली असती. शिवाय तारेत लिहिणार काय? यंत्राचं नाव न काढता?

काकांनी त्यांच्या मते एक युक्ती काढली. मध्यस्थाकडून निरोप धाडला की वऱ्हाडाने दोन होड्या कराव्यात, म्हणजे ऐसपैस बसता येईल. भार कमी झाला की होडी तरंगेल, हा हिशेब. निरोप विहीणबाईंपर्यंत पोचला तो असा की मुलीकडच्यांना आमची माणसं जास्त वाटतात. त्या खवळल्या. ज्यांना घेणार नव्हत्या अशा चार चुलत घरांनाही त्यांनी आमंत्रण दिलं आणि सगळ्यांना घराण्याच्या मोठ्या होडीत घालायचं ठरवलं. वाजंत्रीवाल्यांसाठी तेवढी एक लहान होडी केली.

यंत्र उतरलं. चाकं गोणपाटात बांधून गोठ्यात गेली. दोरी गुंडाळून काकांनी खिशात ठेवली. वरवंटा स्वयंपाकघरात गेला, आणि लग्नघराचं वाटण दिवसभर बिनघोर चालू झालं. काका रिकाम्या भिंतीसमोर बसून होते. कोणी काही विचारलं की "हूं" म्हणत. मला ते घर एकदम मोठं आणि मुकं वाटायला लागलं.

अष्टमीला पाचपासून आम्ही खाडीच्या काठावर उभे होतो. काकी शालूत, काका कोटात. कोट डोंगरातल्या कचेरीतला, थंडीचा. वैशाखात त्यांना त्याच्यात पाहून मलाच घाम फुटला. पाणी भरत आलं होतं, पण काठावरच्या खडकांवर नेहमीची भरतीची खूण बरीच वर कोरडी राहिलेली होती. काका तिच्याकडेच बघत होते. मग पलीकडून होड्या निघाल्या. पुढे वाजंत्री, मागे वऱ्हाड. होडीत माणसं इतकी की नवरदेवाचं बाशिंग तेवढं ओळखू येत होतं.

वाजंत्रीवाल्यांची होडी सुखरूप आली. मोठी होडी हाकेच्या अंतरावर, वाळूच्या पट्ट्यावर, अगदी हळू बसली. धक्कासुद्धा बसला नाही. नुसती पुढे यायची थांबली. वाजंत्रीवाल्यांना मागचं दिसत नव्हतं, ते वाजवत राहिले.

"वायच थांबा!" होडीतला तांडेल ओरडला. "पाणी येतासा!"

काठावरचे लोकही तेच म्हणू लागले. भरती आहे, पाणी येतंय, जरा दम धरा. त्या सगळ्या गर्दीत तिघांनाच ठाऊक होतं की आणखी पाणी यायचं नाही. आलं ते एवढंच, आणि आता ते उतरणार. थांबलं तर होडी चिखलात रुतणार, मुहूर्त जाणार. काकींनी काकांच्या कोटाची बाही धरून ठेवली होती. त्यांच्या हाताची शीर उभी राहिलेली मला दिसली.

काकांनी बाही सोडवून घेतली आणि कोटासकट पाण्यात उतरले. छातीपर्यंत पाणी असेल अशा थाटात हात वर करून निघाले, आणि ते पाणी त्यांच्या कमरेलाही लागलं नाही. "उतरा!" ते ओरडत होते. "आत्ताच्या आत्ता उतरा! नवऱ्याक खांद्यार घेवा!" लोक आधी हसले, मग कासोटे खोचून मागोमाग उतरले. मीही उतरलो. माझे बूट त्या खाडीत अजून असतील. मास्तरला चौघांनी उचलला. बाकीचं वऱ्हाड गुडघाभर चिखल तुडवत आलं, लुगडी वर धरून, मुलं बगलेत मारून. विहीणबाईंना हात द्यायला काका स्वतः गेले. त्यांनी हात घेतला नाही. त्या एकट्या चालत आल्या, आणि काठावर येऊन वळल्या तेव्हा त्यांचं जांभळं लुगडं मांडीपर्यंत काळं झालं होतं.

वाजंत्री आता थांबली होती.

"तुमी दोन होडये कराक सांगलास," त्या काकांना म्हणाल्या. त्यांची जीभ चिखलात अडकलेली नव्हती. "आणि पाणी येवचां नाय म्हणान तुमीच एकटे उतरलास. तुमच्या त्या यंत्रान सांगलेला काय? तुमका ठावक होतां आणि आमका चिखलात घातलास? हां काय नाय, एक सांगा. मधलां काय नको."

सगळा काठ काकांकडे वळला. गावाने त्या माणसाला इतकी वर्षं हसून घेतलं होतं, आणि आज तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खरा ठरला होता. एक 'हां' म्हटलं असतं तर मालवण बंदरात पुन्हा कोणी हसलं नसतं. मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. हो, मला फार ऐकायचं होतं. त्या दोरीखाली मी झोपत होतो. काकी खाली मान घालून उभ्या होत्या. पलीकडे, बाशिंगाच्या झिरमिळ्यांतून मास्तर बघत होता. त्याने ते यंत्र फिरवलेलं होतं. त्यालाही संशय आला असावा.

काकांचा हात सवयीने तिरपा व्हायला उठला. तो त्यांनी खाली घेतला.

"नाय," ते म्हणाले.

मग मोठ्याने, मागच्यांनाही ऐकू जाईल असं: "यंत्र म्हणा होतां, पाणी धो धो येतला. म्हणान दोन होडये सांगलंय, एकीत सगळी बुडशात म्हणान. चुकलां तां. साफ चुकलां. लाकडी भूतच तां."

आधी तांडेल हसला. त्याची मान सुटली होती ना. मग सगळा काठ हसला. पोटभर, ओळखीचं हसला. विहीणबाईंनी बराच वेळ तोंड घट्ट धरलं, आणि मग त्यांचंही सुटलं. "तरी मी सांगी होतंय!" त्या म्हणाल्या. "तरी मी सांगी होतंय! गोठ्यातच ठेवा तेका!" कोणीतरी पाण्याची घागर आणली. पाय धुतले गेले. वाजंत्री पुन्हा सुरू झाली. सूर्य टेकायच्या आत अक्षता पडल्या, आणि काका ओल्या कोटात मुलीच्या मागे उभे होते. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी मंगलाष्टकांच्या वेळी चुकून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी शालन होडीने गेली. काठावरून घरी आल्यावर काका माजघरात रिकाम्या भिंतीकडे तोंड करून बसले. मी आणि मांडव सोडणारे गडी, सगळेच कुजबुजत बोलत होतो. काकी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, पदराला हात पुसत.

"अवो," त्या म्हणाल्या, "आज सांजचां पाणी कधी भरतला?"

तीस वर्षांत हा प्रश्न त्यांनी काकांना विचारला नव्हता. काकांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे खिळे होते. मग त्यांनी उजवा हात समोर धरला आणि अंगठा पेरांवर फिरवू लागले, पहिल्यांदाच शिकल्यासारखा अडखळत. "नवमी," ते पुटपुटले. "नऊ पाऊणे..."

"माका बोटांचां नको," काकी म्हणाल्या. "तुमच्या यंत्राचां सांगा. आणि किती भरतला तांय सांगा."

त्या आत गेल्या. पाट्यावरचा वरवंटा त्यांनी उचलला, पाण्याने स्वच्छ धुतला, पदराने पुसून कोरडा केला आणि आणून काकांच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो तुमका," त्या म्हणाल्या. "माका दुसरो हाडा."